सातव्या थांब्याच्या पुढे

"बाई, पुढे रस्ता नाही."

तिने डोळे उघडले. गालावर खिडकीच्या रबराची पट्टी उमटली होती, मांडीवर चाळीस वह्या होत्या आणि समोर बसचा ड्रायव्हर उभा होता. त्याच्यामागे रिकामी बस, बसमागे डेपो आणि डेपोमागे खरोखरच काही नव्हतं. थोडं गवत, मग आभाळ.

"माझा थांबा...?"

"कुठला होता?"

"लॉन्ड्रीसमोरचा. सातवा."

"तो गेला," ड्रायव्हर म्हणाला, जणू थांबाच कंटाळून कुठेतरी निघून गेला होता. "बसा. सोडतो. मी तिकडेच राहतो."

ती बसली. नाही म्हणायला ताकद लागते, आणि तिच्याकडची सगळी ताकद दुपारी अडीचच्या सुमाराला अपूर्णांकांनी संपवली होती.

परक्या देशातल्या छोट्याशा गावात जायचं आणि वर्षभर स्वेच्छेने मुलांना गणित शिकवायचं, ही कल्पना घरच्या सोफ्यावर बसून फार देखणी वाटली होती. "फुकटच शिकवायचं होतं, तर आत्याची दोन ढ पोरं इथं होती की," आई म्हणाली होती. आईचं तेव्हाच ऐकायला हवं होतं, असं तिला रोज तिसऱ्या तासाला वाटायचं.

कारण शाळेची एक पद्धत होती. जो शिक्षक गैरहजर असेल त्याचा तास स्वयंसेविकेला. ती स्वखुशीने आली आहे ना, मग खूश राहू दे. त्यामुळे गणिताशिवाय ती चित्रकला घ्यायची, कवायत घ्यायची आणि एक आठवडा तर तिने सुतारकामही शिकवलं. म्हणजे मुलांनी तिला शिकवलं. स्टूल झालं. चौथा पाय अजून विचारात होता.

खोली लॉन्ड्रीच्या वर होती. खाली कपडे वाळवायची यंत्रं सतत घरघरायची आणि पलंगाला अंगात आल्यासारखी थरथर सुटायची. गावात नीट झोप लागेल अशी जागा एकच होती. संध्याकाळी पाचची बस, डावीकडची खिडकी.

दुसऱ्या दिवशीही ती शेवटच्या थांब्यावर जागी झाली. तिसऱ्याही. पुढच्या आठवड्यापासून ड्रायव्हरने हाक मारणं सोडलं. सीटच्या दांड्यावर दोन बोटं वाजवायचा, तेवढंच. मग ती उठून त्याच्या मागच्या सीटवर येऊन बसायची आणि रिकामी बस गावाकडे निघायची. वीस मिनिटं. दिवसभरात तिला कोणी काही विचारत नव्हतं, असा तेवढाच वेळ होता. आरशात त्याचे डोळे दिसायचे... आणि दिसले की ती घाईघाईने वह्या मोजायची. चाळीसच असायच्या.

"तुम्ही झोपेत हजेरी घेता," एकदा तो म्हणाला.

"नाही हं."

"घेता. एक, दोन, तीन... चाळीसपर्यंत. लोकांना आता सवय झाली आहे. टपालवाले काका बाराव्या नंबरला ओ देतात."

तिने तोंड वह्यांत खुपसलं. "आणि तुम्ही मला हे आज सांगताय?"

"तुम्ही मध्येच बंद केली असती. बारावा नंबर नाराज झाला असता." त्याने गिअर बदलला. "सतराला मात्र तुम्ही अडता. कपाळाला आठी घालून थांबता, पुढे जातच नाही. मग मी देतो."

"काय?"

"ओ."

सतरा नंबरचा मुलगा महिन्यापूर्वी आईवडिलांबरोबर दुसरीकडे राहायला गेला होता. जाताना त्याने तिला अर्धी पेन्सिल दिली होती आणि त्याची वही तिच्या गठ्ठ्यातच राहिली होती. पटावरचं त्याचं नाव खोडायला तिला वेळ झाला नव्हता. निदान शाळेत तिने तसं सांगितलं होतं.

तिने खिडकीची काच बाहीने पुसली.

"गाडी चालवता चालवता ओ देता?"

"सिग्नलला. नियम मी पाळतो."

चौथा महिना संपत आला तसा संस्थेचा फॉर्म आला. राहणार की परत जाणार, ते शुक्रवारपर्यंत कळवा. त्याच दिवशी आईचा फोन. "ये आता. तुझ्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं मला इथं ऐकू येतात." तिने पेन उचललं, 'जाणार'च्या चौकोनावर धरलं आणि तशीच बसून राहिली. थकवा इतका होता की खूण करायचाही कंटाळा आला. शिवाय वर्ष पुरं करायचं असं ती सगळ्यांना छाती ठोकून सांगून आली होती. आणि शिवाय... ती वीस मिनिटं.

मंगळवारी तिने ड्रायव्हरला सांगितलं. "बहुतेक जाईन मी."

बस एकदा कुरकुरली. त्याने आरसा उगाच सारखा केला.

"बरं," म्हणाला. "शुक्रवार... लवकरच आहे की."

तिला आणखी काहीतरी ऐकायचं होतं. काय, ते तिलाही माहीत नव्हतं. पण 'बरं' नक्कीच नाही.

गुरुवारी डेपोच्या साहेबांनी दोघांना बोलावलं. चौकशी होती. साहेबांच्या टेबलावर तीन स्टेपलर होते, तिन्ही बिघडलेले, आणि त्यांचा चेहरा चौथ्यासारखा होता.

"ही गाडी रोज एक जादा फेरी मारते," ते म्हणाले. "नोंदवहीत हा लिहितो, 'प्रवासी एक, झोपलेला.' तीन महिने. बाई, तुमचा थांबा कितवा?"

"सातवा. पण त्यांचा दोष नाही हो. त्यांना तिकडेच जायचं असतं. ते तिकडे राहतात."

साहेबांनी खिडकीकडे बोट केलं. डेपोच्या भिंतीला लागून एक घर होतं. दोरीवर ड्रायव्हरचा गणवेशाचा शर्ट वाळत होता.

तिने शर्टाकडे पाहिलं. मग ड्रायव्हरकडे. त्याला अचानक स्टेपलरमध्ये भलताच रस वाटू लागला होता.

"यांचा थांबा तुला माहीत होता?" साहेबांनी विचारलं.

"पहिल्या दिवशी नव्हता. दुसऱ्या दिवसापासून होता."

"मग सातव्यावर उठवायचं नाही का?"

"उठवणार होतो, साहेब. रोज ठरवायचो." तो अडखळला. "पण सातव्यापर्यंत जेमतेम डोळा लागलेला असतो. पुढे वीस मिनिटं मिळतात... बाई त्या यंत्रांच्या वर राहतात ना. तिथे झोप होत नाही. घरी गेल्यावर चाळीस वह्या. मला वाटलं, वीस मिनिटांनी डेपोचं काय बिघडणार आहे."

"आणि परत सोडणं?"

"ते..." त्याचे कान लाल झाले. "ते माझ्यासाठी होतं."

साहेबांनी एक स्टेपलर दाबून पाहिला. चालला नाही.

"सोमवारपासून सकाळची पाळी," शेवटी ते म्हणाले. "मार्गही दुसरा. निघा आता. आणि जाताना दार ओढा, ते आपोआप लागत नाही."

बाहेर बारीक भुरभुर चालू होती. दोघं शेडखालच्या बाकावर बसले. एवढ्या महिन्यांत ती पहिल्यांदाच त्याला आरशाशिवाय बघत होती. डाव्या भुवईवर एक जुना व्रण होता. आरशात तो उजवीकडे असायचा.

"मंगळवारी 'बरं' का म्हणालात?"

"दुसरं काय म्हणणार? राहा म्हटलं असतं, तर तुम्ही आणखी दमला असता. आणि त्याला कारण मी झालो असतो."

"दमायचं मी तिकडे जाऊनही दमणारच आहे. आत्याची दोन पोरं वाट बघतायत." तिने पिशवीतून फॉर्म काढला. "पेन आहे?"

त्याने दिलं. तिने 'राहणार'वर खूण केली. खाली कारण लिहायला दोन ओळी होत्या. तिने एकच वापरली आणि फॉर्म त्याच्या हातात दिला.

'इथे माझ्या झोपेची काळजी घेणारा एक माणूस आहे. तो मला आवडतो.'

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं.

"हे... ऑफिसात जाणार?"

"तीन प्रतींत."

"मग शर्ट तरी बरा घालून बसलो असतो," तो हळूच म्हणाला, आणि ती हसायला लागली. हसता हसता तिला भलीमोठी जांभई आली. तिने ती लपवली नाही. तो बाकावर जरा सरकून बसला, आणि तिने डोकं त्याच्या खांद्यावर टेकवलं.

"कुठे जायचंय का तुम्हाला?" तिने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "मी इथेच राहतो."