कृष्णातचा कार्बोरेटर

उद्यमनगरातल्या एका शेडसमोर तेजस्वीची जुनी मारुती गचके खात बंद पडली, तेव्हा भुरभुर पाऊस होता आणि तिच्या ओठांवर एक सणसणीत शिवी आली होती. शेडमधून एक उंच तरुण हात पुसत आला. त्याने तिला स्टार्टर मारायला लावला, डोळे मिटून आवाज ऐकला आणि म्हणाला, "कार्बोरेटर थकलाय, ताई."

"ताई म्हणू नका," ती पटकन बोलून गेली. का, ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. त्याच्या पापण्यांवर पावसाचे थेंब होते, एवढंच.

त्याचं नाव प्रसेनजीत. रविवारी चंदगडकडच्या घाटात हौशी लोकांची रॅली होती आणि तेजस्वीला तिथे हीच चिमुकली गाडी पळवायची होती. गाडीला दम हवा, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर मोठ्या तोंडाचा हवा, असं म्हणत त्याने वरच्या फळीवरून मऊ कापडात गुंडाळलेला एक जुना कार्बोरेटर काढला. रॅलीत वळणं सांगायला शेजारी माणूस लागतो. ते काम करणार का, असं तिने लाजत विचारलं. तेवढं मात्र त्याने साफ नाकारलं.

तरी ती रोज दुपारी शेडमध्ये येऊन बसू लागली. पाना देताना बोटं बोटांना लागायची... आणि पाना खाली पडायचा. प्रत्येकाच्या पायाचं वजन वेगळं, म्हणून हवा-पेट्रोलचे स्क्रू चालवणाऱ्याच्या पायाप्रमाणे फिरवायचे, ही त्याची पद्धत. या कार्बोरेटरच्या स्क्रूंना मात्र त्याने हात लावला नाही. तिने विचारलं, तर नजर चुकवून म्हणाला, "सेटिंग झालेलं हाय."

जोडणी झाली आणि गाडी सुरू केली. इंजिन शांत गुरगुरत होतं. अचानक इंजिनाने आपोआप दोनदा रेस घेतली. गाडीत कुणीच नव्हतं.

प्रसेनजीतचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने सगळे जोड तपासले. हवा कुठूनही शिरत नव्हती. मग तो अडखळत बोलला. कृष्णात त्याचा जिवाभावाचा मित्र. तो गाडी चालवायचा, हा शेजारी बसून वळणं सांगायचा. निघण्याआधी दोनदा रेस देण्याची कृष्णातला सवय होती. एकदा प्रसेनजीत तापाने फणफणला होता, म्हणून कृष्णात सरावाला एकटाच गेला आणि धुक्यात दरीत कोसळला. हा कार्बोरेटर त्याच गाडीचा, त्याच्याच पायाला लावलेला.

"मग मला का दिलास?"

"तुझ्या गाडीत त्यो परत पळंल, असं वाटलं."

तेजस्वीला भीती वाटली, पण त्याहून जास्त राग आला. आपण एखाद्याच्या डोळ्यांत स्वतःला शोधावं आणि त्याने आपल्या इंजिनात मित्र शोधावा... कुणालाही राग येईल. ती म्हणाली, "उद्या घाटात चाचणी घेणार हाय. येणार असलास तर ये, न्हायतर मी एकटी जातो."

'एकटी' हा शब्द त्याला लागला. तो आला.

भरदुपारी घाटात धुकं इतकं दाट, की दिवे लावूनही रस्ता दिसेना. तो हलक्या आवाजात वळणं सांगत होता आणि तो आवाज तिला फार हवाहवासा वाटत होता. फक्त गाडी मागून जड लागत होती, मागच्या सीटवर कुणी बसल्यासारखी. एका वळणाशी प्रसेनजीतचा आवाज अचानक तुटला. त्याच क्षणी तिच्या तळव्याखालचं रेसचं पेडल आपोआप खाली गेलं.

इंजिन किंचाळलं. तिने चावी फिरवून इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला. पुढचं चाक दरीच्या काठावरच्या खडीत रुतून थांबलं.

"हितंच गेलता त्यो," प्रसेनजीत पुटपुटला.

"पेडल मी दाबलं न्हाय," ती म्हणाली. "ही गाडी दोघांपुरतीच. त्येला उतरवायचं का मला, ते आत्ता ठरीव."

तो उतरला. त्याने बॉनेट उघडलं, खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला... आणि तसाच उभा राहिला. बॉनेटच्या फटीतून तिला त्याचे थबकलेले हात दिसत होते. मग ते हात कार्बोरेटरचे स्क्रू हळूहळू तिच्या पायाप्रमाणे फिरवू लागले. तो कुणाशी तरी बोलत होता, तिच्याशी नव्हे.

"कृष्णात... उतर की गा आता. मला हिच्या शेजारी बसायचंय. लई जीव हाय माझा हिच्यावर."

मागचं दार खट्ट वाजलं. उघडायला तिथे कुणीच नव्हतं. पण सीटवर बसलेल्या तेजस्वीला गाडी मागून किंचित वर उचलल्यासारखी जाणवली... एखादं जड माणूस उतरल्यावर उचलली जाते तशी.

वळून धुक्यात बघायचा धीर तिला झाला नाही. प्रसेनजीतने बॉनेट बंद केलं. तो आत येऊन बसला आणि त्याने पट्टा लावला. डोळे पुसत त्याने आपला तेलकट, गार हात गिअरवरच्या तिच्या हातावर ठेवला.

"जरा मागं घे," तो म्हणाला. "पुढचं वळण डावं. सावकाश घे... मी हाय."