उत्तरेची खिडकी गळते

"जरा बाजूला व्हा! तुमच्या मागे गळती आहे!"

वाचनालयाच्या दुरुस्तीच्या खोलीत शिरता शिरता तिनं हे वाक्य फेकलं. पुस्तकं बांधणारा तो तरुण खळीचा ब्रश टाकून उठला आणि टेबलावरची सगळी पुस्तकं त्यानं छातीशी कवटाळली.

"कुठंय पाणी?"

"पाणी नाही हो... उष्णता."

"हात्तिच्या!" त्यानं पुस्तकं खाली ठेवली. "जीव घेतलात की माझा."

इमारती वीज कुठं वाया घालवतात हे शोधणाऱ्या संस्थेत ती शिकाऊ होती. नोकरीचा अजून पत्ता नव्हता; उत्साह मात्र दोन माणसांचा. हातात भाड्याचा कॅमेरा. गार ते निळं, गरम ते नारिंगी, असं भरड चित्र तो दाखवायचा. उत्तरेच्या खिडकीच्या जुन्या, लाटा उमटलेल्या काचेत निळ्याच्या मधोमध एक नारिंगी डाग होता. बाहेरची उष्णता तिथूनच आत घुसत असणार!

तो तिच्या मागे, सभ्य अंतरावर उभा राहून डोकावला. "एक कुठं? दोन डाग आहेत."

"अय्या, खरंच की! मघाशी कसा दिसला नाही?"

झालं. दोघांनी मिळून लावलेला शोध म्हटल्यावर दोघांनी मिळून मोजणंही आलंच. ती रोज येऊ लागली. तो रोज मागे उभा राहू लागला... अंतर थोडं कमी सभ्य होत गेलं.

"हा कॅमेरा माझ्याकडे वळवलात तर?"

"वळवला होता काल. तुमचे कान पेटले होते."

"काल नव्हते. आत्ता पेटले."

पुस्तकांच्या देवघेवीला बसणाऱ्या काकू चष्म्यावरून सगळं टिपत होत्या. माणसाच्या जमेला काय आणि नावे काय, हे त्यांना पुस्तक परत करण्याच्या पद्धतीवरून कळायचं. "आठवड्यातून एकदा मोजलं तरी भागतं म्हणे," त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "ही रोज येते. गळती नक्की कुणाची, ते आधी मोजा म्हणावं!"

इकडे डाग वाढत होता. दोनाचा एक झाला, एकाचा मोठा झाला. तिच्या संस्थेच्या मॅडम तर हरखल्या. "गळती वाढतेय! ही खिडकी फळ्या ठोकून बंद करू. या एका शोधावर तुझी नोकरी पक्की समज."

खिडकीचा निर्णय वाचनालयातल्या बैठकीत व्हायचा होता; त्या दिवशी सकाळी ती नाचतच दुरुस्तीच्या खोलीत आली, तर तो खोकी भरत होता.

"हे काय?"

"खिडकी बंद झाली की इथं उजेड कुठला? टेबल तळघरात चाललंय."

"आणि तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत?"

"तुमची नोकरी पक्की होत होती..." तो खोक्यातच बोलला. "मी काय, दिवा लावून बांधेन पुस्तकं."

डोळे लपवायला तिनं कॅमेरा वर केला. शेवटची मोजणी. तो खोकं उचलून दाराकडे निघाला, आणि काचेतला डाग फाटला! अर्धा जागेवर राहिला, अर्धा दाराकडे घरंगळत गेला.

"थांबा! परत या!"

तो आला. डाग जुळला.

"आता जा!"

डाग फाटला.

"या! नाही, डावीकडे... अहो, डावीकडे!"

"एकदा काय ते ठरवा," तो खोक्याआडून म्हणाला. "येऊ की जाऊ?"

तिनं स्वतःचा हात हलवला. काचेतला नारिंगी डागही हलला.

"अरे, ही गळती नाहीच! काच आपली ऊब परत दाखवतेय. ही मी... आणि हा तू!"

'तुम्ही'चा 'तू' कधी झाला, तिला कळलंच नाही. त्याला कळलं. खोकं हातातून सुटलं.

"पण मग तुझी नोकरी?"

"गेली खड्ड्यात!" ती म्हणाली आणि धावत सुटली.

बैठकीत ती उभी राहिली, आवाज ठणठणीत. "मॅडम, माझं चुकलं. खिडकी गळत नाही, तो डाग म्हणजे मोजणाऱ्यांचं प्रतिबिंब. आणि खिडकी बंद केली तर तळघरात दिवसभर दिवे जळतील. वाचवायचं दूरच, पदरचंच जाईल."

मॅडमनी सगळे फोटो पुन्हा ओळीनं पाहिले. "प्रतिबिंब... बरं. मग डाग दर आठवड्याला वाढला कसा?"

कोपऱ्यात बसलेल्या काकूंना नेमका तेव्हाच ठसका लागला.

"अंतर... कमी होत गेलं, म्हणून."

"कुणामधलं?"

"आमच्यातलं," दारातून आवाज आला. तो उभा होता, हाताला खळ, कान लालबुंद.

मॅडमनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "शोध चुकला की माणसं यंत्राला दोष देतात. तू स्वतःचं नाव सांगितलंस. मला अशीच माणसं हवीत. सोमवारपासून कामावर ये." त्यांनी फोटो गोळा केले. "खिडकी तशीच राहू दे. मात्र पुन्हा मोजशील तेव्हा याला खोलीबाहेर काढायचं."

"काढते, मॅडम," ती म्हणाली. "पण मोजणीपुरतंच हं... नंतर परत आत घेणार."

"आणि मोजणी," तो दारातूनच म्हणाला, "जरा लवकर आटप."