कव्हर तेवढं जुनं

दुरुस्त करायच्या बाजूनं

तो माझा होता, हे आधी सांगते.

माझ्या नवऱ्याच्या, गुरुदत्तच्या मावसभावानं अमेरिकेहून येताना स्वतःचा वापरलेला लॅपटॉप आणला आणि सरळ माझ्या हातात ठेवला. करडा, पाटासारखा जाड. पंखा सुरू झाला की आत कुणीतरी दमून बसल्यासारखा आवाज यायचा. सत्त्याण्णव साली आमच्या सोसायटीत, म्हणजे डोंबिवली पूर्वेला मानपाडा रोडच्या आतल्या गल्लीत, लॅपटॉप पाहिलेला माणूस शोधून सापडला नसता. बॅटरी केव्हाच मेलेली होती, त्यामुळे तो कायम प्लगला लावलेला. कळांवर मी मराठी अक्षरांचे स्टिकर चिकटवले आणि लग्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, कुणाचं प्रवासवर्णन असं काय काय टाइप करून द्यायला लागले.

शेजारी खुर्ची टाकून अण्णा बसत. माझे सासरे, त्र्यंबक केळकर, विमा कंपनीतून निवृत्त झालेले. ते मजकूर मोठ्यानं वाचत, विरामचिन्हांसकट.

“चि पूर्णविराम, सौ पूर्णविराम, कां पूर्णविराम. कांवरचा अनुस्वार खाऊ नकोस गं, मुलीकडचे भांडायला येतील.”

गुरुदत्त एमआयडीसीतल्या रंगांच्या कारखान्यात सुपरवायझर. घरी यायचा तो नाकाला रुमाल लावूनच, आणि आला की टीव्ही. माझं दिवसभराचं बोलणं व्हायचं ते अण्णांशी. काम नसलं तरी मी लॅपटॉप उघडून बसायची. मग अण्णा वर्तमानपत्र वाचून दाखवायचे, स्वल्पविराम देत.

खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा तेच करत. विळी, शिवणयंत्र, स्कूटरचे पाने, आणि त्या वर्षी लॅपटॉप. झेंडू वाहिला, अक्षता टाकल्या, झाकणावर उजवा हात ठेवला आणि मंत्र म्हणायला लागले. मला तो ओळखीचा वाटला.

“अण्णा, ही प्राणप्रतिष्ठा आहे. गणपतीची.”

अण्णांनी जीभ चावली. हात मात्र उचलला नाही. मंत्र पुरा केला, मगच उचलला. “तोंडात बसलंय गं. पण अर्ध्यावर सोडायचं नसतं.”

“आता काय, दीड दिवसानं खाडीत बुडवायचा?” गुरुदत्त म्हणाला.

“बुडवू नका कुणी. उत्तरपूजा केली की सुटला.”

पण मला त्याच दुपारी एक स्मरणिका पोचती करायची होती. “बस तू कामाला,” अण्णा म्हणाले, “संध्याकाळी बघू.” संध्याकाळी पाहुणे आले. राहिलं ते राहिलं.

नवा घ्यायच्या बाजूनं

तो वारंवार बिघडायला लागला होता. हे खरंच आहे.

आमच्याकडे शुक्रवारी वीज जायची. कारखान्यांना सुट्टी, तारांची दुरुस्ती. एका शुक्रवारी अण्णा पत्रिका वाचत होते. “आग्रहाचं निमं…” इथपर्यंत आले आणि लॅपटॉप विझला. अण्णा थांबले. मी कपडे वाळत घातले, कुकर लावला, तरी ते हातात कागद धरून बसलेले. झोप लागली असेल म्हणून मी हाक मारली नाही. वीज आली, मी कळ दाबली, पंखा फिरला.

“…त्रण,” अण्णा म्हणाले. “पूर्णविराम.”

म्हातारी माणसं बसल्या बसल्या डुलकी काढतात. मी तेच मनाला सांगितलं.

मग ळ गेला. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये ळ ला स्वतंत्र कळ होती. ती खाली बसली की वर येईना. मी सगळे ळ रिकामे सोडून टाइप करत होते, नंतर हातानं काढू म्हणून. सकाळी अण्णा स्वयंपाकघराच्या दारात आले.

“एखादं केलं आहे का गं?”

“काय केलं?”

“केलं. खायचं. पिवलं.”

गुरुदत्तला हसू आवरेना. “अण्णा, हे कोळीवाड्यात कधी जाऊन आलात?”

अण्णाही हसले, पण मग ओठांवर बोट ठेवून जीभ टाळ्याला लावायचा प्रयत्न करत राहिले. फोन वाजला तेव्हा त्यांनी उचलून सांगितलं, “केलकर बोलतोय.” आणि रिसीव्हर तसाच हातात धरून माझ्याकडे बघितलं. आपलं आडनाव कुणीतरी खिशातून काढून नेल्यासारखं.

डॉक्टर म्हणाले, बारीकसा झटका येऊन गेला असेल. गोळ्या दिल्या. मी लॅपटॉप पिशवीत घालून ठाण्याला गेले.

दुरुस्त

कोपरीत स्टेशनच्या पूर्वेला कुंडलिकचं दुकान होतं. तो चेंदणीच्या कोळीवाड्यातला. टीव्ही, टेप, मिक्सर, काय येईल ते उघडायचा. लॅपटॉप त्यानंही पहिल्यांदाच बघितला होता आणि ते लपवत नव्हता.

“वहिनी, बिघडला तं शिव्या देऊ नका.” त्यानं स्क्रू-ड्रायव्हरनं ळ उचकटला आणि मोठ्यानं हसला. “मशीनला जेवाया घालता काय?”

कळेच्या खाली तांदळाचा दाणा होता. कुंकवानं लाल झालेला.

“आणि ह्या एका ळ साठी डोंबिवलीवरनं आलात? आमच्यात ळ नायच. डोला म्हनतो, जालं म्हनतो. कुनाचं काय आडलं?”

त्यानं दाणा फुंकून उडवला, कळ बसवली आणि प्लग लावून लॅपटॉप चालू केला. मी त्याच्या फोनवरून घरी फोन लावला, कुकर उतरवायला सांगायचं निमित्त करून.

“केळकर बोलतोय,” अण्णा म्हणाले. मग अगदी लहान मुलासारखं, “केळं. पिवळं. काळं. अगं प्रमोदिनी, आला!”

कुंडलिकनं विचारलं, “वहिनी, पानी देऊ?”

नवा

दिवाळीनंतर लॅपटॉप बंद पडला. कळ दाबली, एक बारीक दिवा लागला, पंखा अर्धा फिरून थांबला. जळल्याचा थोडासा वास, बस्स.

आतल्या खोलीत अण्णा कॉटवर आडवे झाले होते. डोळे उघडे. छाती हलत होती, पण एवढी हळू की मी हात ठेवून बघितलं. हाक मारली तर डोळ्यांत काहीतरी हलल्यासारखं व्हायचं. तोंडात चमच्यानं पाणी घातलं तर गिळत होते. डॉक्टरांनी नाडी बघितली, वय विचारलं आणि खांदे उडवले.

त्या आठवड्यात आमच्या घरात एकच विषय होता.

“नवा कॉम्प्युटर घेऊ,” गुरुदत्त म्हणे. “टेबलावर ठेवायचा, मोठा पडदा. तुझंच काम वाढेल. त्या डबड्यात आता काय राहिलंय?”

“दुरुस्त होईल तो.”

“होईल गं. आणि परत बिघडेल. परत दुरुस्त. असं किती दिवस?”

तो बोलताना आतल्या खोलीकडे बघत होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. नंतर आलं.

दुरुस्त

शेवटी मी गुरुदत्तला सगळं सांगितलं. खंडेनवमी, शुक्रवार, ळ, तांदळाचा दाणा. मी विज्ञान शाखेची, मला स्वतःचं बोलणं ऐकवत नव्हतं. त्यानं एकदाही मधे तोडलं नाही. टीव्हीसुद्धा बंद केला.

“म्हणजे हा चालू झाला की अण्णा उठतील.”

“मला असं वाटतं.”

“आणि नाही झाला तर?”

मी उठून आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं.

“तू अण्णांना सोडून जाऊ नकोस,” तो म्हणाला. “मी रजा टाकतो. मीच नेतो कोपरीला.”

लग्नानंतर पहिल्यांदा मला त्याचा एवढा आधार वाटला. पिशवीत लॅपटॉपच्या खाली मी जुनी चादर घालून दिली, धक्का लागू नये म्हणून. अण्णांच्या कानाशी जाऊन सांगितलं, “गुरुदत्त घेऊन गेलाय हं. दुरुस्त करून आणतोय.” त्यांनी माझं बोट धरलं. ते मी सोडवून घेतलं नाही.

नवा

दुपारी हमालाच्या डोक्यावरून खोकं आलं. मागून गुरुदत्त. खोक्यातून थर्मोकोल निघालं, मग मोठा पांढरा मॉनिटर.

“लॅपटॉप?”

“कुंडलिकला देऊन टाकला. तो भंगारात काढेल, सुट्या भागांसाठी.”

“तू ऐकलं होतंस ना मी सांगितलेलं?”

“सगळं ऐकलं.”

“पण तुला पटलं नाही.”

तो वायरी सोडवत होता. “पटलं,” तो म्हणाला. “पटलं म्हणून तर.”

थर्मोकोलचे बारीक गोळे पंख्याच्या वाऱ्यानं घरभर उडत होते. मी ते वेचत बसले.

मग मी कुंडलिकच्या दुकानात फोन लावला. वाजत राहिला. दुसऱ्या दिवशीही. अण्णांचा श्वास आता मोजून घ्यावा लागत होता. गुरुदत्त त्यांच्या उशाशी बसायचा, कपाळावरून हात फिरवायचा, आणि मी खोलीत आले की उठून जायचा.

दुरुस्त. नवा.

मी पोळ्या लाटत होते. आतून खोकल्याचा आवाज आला. स्वच्छ, घसा साफ केल्यासारखा.

अण्णा कॉटवर उठून बसले होते. गालांवर रंग होता. त्यांनी खोलीभर बघितलं, मग माझ्याकडे, आणि झटकन धोतर सारखं केलं.

“माफ करा हं,” ते म्हणाले. “मला कधी झोप लागली कळलंच नाही. आपण कोण?”

“अण्णा, मी प्रमोदिनी.”

“बरं, बरं.” नाव ऐकून घेतल्यासारखी मान हलवली. “अहो प्रमोदिनीबाई, थोडं पाणी मिळेल का?”

त्या घरात मी आले तेव्हापासून ते मला “अगं” म्हणत होते.

मी फोन लावला. या वेळी कुंडलिकनं उचलला. खुशीत होता.

“वहिनी, चालू झाला की! भंगारात कशाला काढू? भावासंगती बसून जोडला. बोर्ड दुसरा टाकला, डिस्क पुसून कोरी केली. आतलं सगलं नवं. कव्हर तेवढं जुनं. शहाडची एक पार्टी आलती, सकालीच नेला. लय खूश झाली.”

“परत मिळेल? मी पैसे देते, कितीही.”

“आता कसा परत? त्यांचा झाला ना तो.”

मी वळले. अण्णा दारात उभे होते. ऐकत होते, पण आपल्याशी संबंध नसलेलं ऐकावं तसं. सभ्यपणानं नजर दुसरीकडे करून.

मी वर्तमानपत्र आणून त्यांच्या हातात दिलं. “वाचा ना, अण्णा. मला वाचून दाखवा.”

त्यांनी चष्मा लावला, मनातल्या मनात वाचलं, नीट घडी घालून परत दिलं. “आभारी आहे.”

संध्याकाळी गुरुदत्त आला. अण्णांना खुर्चीत बसलेलं बघून दारातच थांबला. चेहरा एकदम पडला. अण्णांनी उठून त्याला नमस्कार केला. “या. हे घर आपलंच ना? मी जरा टेकलो होतो. आता निघायला हवं.”

“कुठे?” मी विचारलं.

“म्हणजे काय? घरी. शहाडला.”

गुरुदत्तचा चेहरा हळूहळू सैल झाला. ते मी बघितलं.

फोन वाजला.

त्यानंच उचलला. आवाज बाईचा होता, पलीकडे भांड्यांचा आवाज, मुलांचा गलका. मला इथपर्यंत ऐकू येत होतं.

“अहो, आमचे अण्णा तुमच्याकडे आहेत ना? पानं घ्यायची थांबलोय.”

मी मान हलवली. नाही म्हण. एवढंच कर.

“हो,” गुरुदत्त म्हणाला. “निघालेच. मी स्टेशनवर गाडीत बसवून देतो.”

त्यानं फोन ठेवला. कॉटखालून अण्णांच्या वहाणा काढून समोर ठेवल्या. पाहुण्याच्या ठेवतात तशा, टाचा त्यांच्याकडे करून. मी अण्णांचा हात धरला. त्यांनी तो हळूच, मला वाईट वाटू नये अशा बेतानं, सोडवून घेतला.

“फार त्रास दिला तुम्हांला. चांगली माणसं आहात.”

गुरुदत्त पाया पडायला वाकला.

अण्णांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. घरभर एकदा नजर फिरवली, कुणीतरी राहिलंय का बघावं तशी.

“तुमचे वडील दिसले नाहीत?”

“वडील गेले,” वाकलेल्या गुरुदत्तनं सांगितलं.

“अरेरे. कधी?”

“आत्ताच.”