पायरीवरचं गिऱ्हाईक

एकोणीसशे एकोणसत्तर साल. मी तेव्हा ऐन बाविशीत होते आणि बाबांच्या वनौषधींच्या दुकानात बसत होते. बसत म्हणजे नुसती नाही हं. ओवा निवडायचा, आलं सुकवायचं, गवती चहाच्या जुड्या बांधायच्या आणि येईल त्याला विचारायचं, खोकला कोरडा की कफाचा? दुकानाचा वास माझ्या केसांना, कपड्यांना, बोटांना असा चिकटलेला असायचा, की बसमध्ये शेजारी बसलेल्या बायका काळजीने म्हणायच्या, "सर्दी झालीये का गं?"

त्या दिवशी हिवाळ्यातली भुरभुर लागली होती. एक उंच तरुण पावसापासून आडोसा म्हणून आमच्या पायरीवर येऊन उभा राहिला आणि खोकायला लागला. थांबेचना.

"आत या ना, भिजाल," मी म्हटलं.

"नको," तो ठसक्यातून कसाबसा म्हणाला. "आत आलो तर नोकरी जाईल."

कोपऱ्यात लवंगा निवडत बसलेल्या आत्याचे हात थांबले. "दुकान आहे हे! दारूचा गुत्ता नाही!"

बिचारा लाजून लाल झाला. मग पायरीवरूनच त्याने सगळं सांगितलं. पलीकडच्या रस्त्यावर चहाची मोठी कंपनी होती. तिथे तो चहाची चव घेऊन प्रत ठरवायचं काम शिकत होता. पांढऱ्या पेल्यांची लांब रांग, प्रत्येकातला चमचाभर चहा जोरात भुरकायचा, जिभेवर घोळवायचा आणि थुंकून टाकायचा. अशा माणसाला कांदा वर्ज्य, अत्तर वर्ज्य, तंबाखू वर्ज्य. आणि आमच्यासारखं दुकान म्हणजे तर... "मोठे साहेब म्हणतात, तिथून नुसतं जाऊन आलात तरी तुमचं नाक संध्याकाळपर्यंत माझ्या उपयोगाचं नाही."

"मग खोकल्याचं काय?"

"तेच ना. भुरका मारला की ठसका लागतो. डॉक्टरांनी छाती तपासली, साफ आहे म्हणाले. औषधाची बाटली दिली, पण ती घेतली की जीभ दुपारपर्यंत पेंगते." त्याने ओले केस मागे सारले. "पुढच्या महिन्यात परीक्षा आहे. पास झालो तर कायम. नाहीतर गावी, भावाच्या लाकडाच्या वखारीत."

बाबा मागून आले. रक्तदाब नाही ना, दुसरं काही औषध चालू नाही ना, असं सगळं विचारून झाल्यावर त्यांनी मला खूण केली. मी ज्येष्ठमधाच्या काड्या कागदात बांधल्या आणि हात लांब करून पुडी पायरीवर दिली.

"रात्री झोपताना एवढासा तुकडा चघळा. कामाच्या आधी मात्र चुकूनही नाही, गोडवा जिभेवर रेंगाळतो. आणि आठवडा झाला की बंद. बरं वाटलं म्हणून खात सुटायचं नाही."

"आणि बरं नाही वाटलं तर?"

"तर परत डॉक्टरांकडे."

"आणि... बरं वाटलं तर?"

मी वर पाहिलं. तो पुडीकडे पाहत होता. फार मन लावून.

"तर कशाला यायचं?" मी म्हटलं.

तो आला. आठवड्यात खोकला गेला, पण गिऱ्हाईक काही जाईना. आज पोट जड आहे. आज झोप लागली नाही. आज डोळे चुरचुरतात. मी कधी बडीशेप बांधून द्यायची, कधी कोमट पाणी पिऊन लवकर झोपा म्हणायची. तो संध्याकाळी, काम संपल्यावरच यायचा आणि कायम पायरीवरच उभा राहायचा. गल्ल्यापाशी मी, पायरीवर तो, मध्ये हातभर उंबरा. आत्याने त्याचं नाव ठेवलं होतं, भुरकेसाहेब.

"अगं, आले बघ भुरकेसाहेब. आज काय दुखतंय विचार. उद्यापर्यंत दुखायला काही उरणार नाही त्यांचं."

एकदा तो डोळे मिटून म्हणाला, "सांगू? आज तुम्ही लवंगा निवडल्यात. त्याआधी पुदिना."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी... कुणावर तरी चिडला होतात."

"हे पण वासावरून?"

"नाही. भुवयांवरून."

मी मान फिरवली आणि बरण्या पुसायला लागले. एकच बरणी कितीतरी वेळ पुसत होते, असं आत्या नंतर सगळ्यांना सांगत सुटली.

परीक्षेच्या दिवशी तो भर दुपारी आला. त्या वेळी कधीच यायचा नाही. पुन्हा भुरभुर सुरू होती, केसांवरून पाणी निथळत होतं, आणि त्याने पहिल्यांदाच उंबरा ओलांडला. सरळ आत. आत यायला आता त्याला कुणाची भीती उरली नव्हती.

"नापास," तो म्हणाला. "मोठ्या साहेबांनी मुद्दाम एक खराब चहा ठेवला होता. जास्त भाजलेला, कडूजहर. त्यालाच मी सगळ्यात वर ठेवलं. गोड वाटला हो मला..."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. "तोंडात काय होतं?"

त्याचा हात खिशाकडे गेला.

"ज्येष्ठमध? मी सांगितलं होतं ना, कामाच्या आधी चुकूनही नाही!"

"सांगितलं होतं."

"मग खोकला उलटला होता का?"

"खोकला तर तेव्हाच गेला."

"मग कशासाठी खाल्लंत?" माझा आवाज चढला. काड्या निवडायचं सोडून बाबाही बघायला लागले.

त्याने खिशातून एवढासा चोथा झालेला तुकडा काढला. "पुडीतला शेवटचा राहिला होता. खाण्यासाठी नव्हता ठेवला. परीक्षेला जाताना वाटलं, तुमच्याकडचं काहीतरी जवळ असावं... खिशात हात होता. तोंडात कधी गेला, खरंच कळलं नाही."

माझे कान तापले होते. आत्याने हळूच लवंगांचं सूप बाजूला ठेवलं.

"हे साहेबांना सांगितलंत?" मी विचारलं.

"काय म्हणून सांगू? त्यात तुमचं नाव येईल."

"माझं नाव घ्यायची लाज वाटते?"

"लाज नाही हो. हक्क नाही."

"दिला," मी म्हटलं. "चला आता."

आत्या मागून म्हणाली, "दादा, पोरीने परस्पर देऊनही टाकला बघ!" बाबांनी खुंटीवरची छत्री काढून ती माझ्या हातात दिली. एकच छत्री होती.

कंपनीच्या त्या खोलीत जायची मला सोय नव्हती. मी बाहेर, काचेच्या दाराशी थांबले. आत पांढऱ्या पेल्यांची रांग, आणि तिच्या टोकाला पांढऱ्या मिश्यांचे मोठे साहेब. तो बोलत होता, साहेब ऐकत होते. त्याची मान खाली, कान लाल. मग साहेब ताडताड चालत दाराशी आले, दार फटीएवढं उघडलं आणि नाक पुढे केलं.

"ओवा. आलं. पुदिना." मग माझ्याकडे नीट पाहिलं. "आणि काळजी. या गाढवाची?"

"हो," मी म्हटलं. "चूक त्यांचीच आहे. पण जीभ खोटी नाही त्यांची. गोड लागलं, तेच सांगितलं."

"स्वतःच्या तोंडात काय आहे ते कळत नाही, आणि म्हणे चहा ओळखतो!" ते मागे वळून त्याच्यावर ओरडले. "परवा सकाळी या. पुन्हा घेतो. तोपर्यंत फक्त पाणी आणि साधं जेवण. आणि हिच्यापासून रस्ताभर लांब!"

त्याने तो हुकूम अक्षरशः पाळला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समोरच्या फुटपाथवर, शिंप्याच्या बंद दुकानाच्या छपराखाली येऊन उभा राहिला. मी आमच्या पायरीवर. मधून बस जायची, सायकली जायच्या, पावसाची बारीक सर हलायची.

"जेवलात का?" मी ओरडले.

"हो! बेचव!"

"झोपा लवकर!"

"प्रयत्न करीन! पण..."

पुढचं बसच्या आवाजात बुडालं. बस सरकली तेव्हा तो अजून बोलतच होता, आणि आमच्या रांगेतले चार दुकानदार बाहेर येऊन ऐकत होते.

"काय म्हणालात? ऐकू नाही आलं!"

तो थांबला. दोन्ही बाजूंच्या लोकांकडे त्याने पाहिलं. मग दोन्ही हात तोंडाशी धरून, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "पास झालो तर लग्न कराल का?"

माझ्या आधी आत्याच ओरडली, "आणि नापास झालात तर?"

तो गडबडला. मी मात्र पायरीच्या अगदी कडेला आले, पाऊस तोंडावर घेत. "तर वखारीत लाकडं मोजू दोघं!" मी म्हटलं. "पण परीक्षा नीट द्या!"

रांगेतल्या दुकानदारांनी टाळ्या वाजवल्या. शिंपी दुकान बंद करून गेला होता, नाहीतर त्यानेही वाजवल्या असत्या.

तो पास झाला. लाकडं मोजायची वेळ आली नाही, पण मी तयार होते हे त्याने मला कधी विसरू दिलं नाही.

बाबा पुढे बरीच वर्षं दुकानात बसले, आणि शेवटपर्यंत प्रत्येकाला आधी रक्तदाब विचारत राहिले. आत्या आमच्याच घरी राहायला आली आणि माझ्या दोन्ही मुलींना बोलायला तिनेच शिकवलं, हे त्यांच्या बोलण्यावरून आजही कळतं. मोठे साहेब निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्याच दिवशी आमच्या दुकानात आले, स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "आता एकेक बरणी उघडा. इतकी वर्षं हा रस्ता श्वास रोखून ओलांडलाय मी." मग दर आठवड्याला येत राहिले. दुकान आता धाकटी चालवते, डॉक्टरांचा सल्ला घेऊन, माझ्यापेक्षा चांगलं.

ह्यांनी चाळीस वर्षं चहा चाखला. वास लागू नये म्हणून हे कामावर जायच्या आधी मी साबणाने हात चोळचोळून धुवायची, तरी दारात माझ्यापाशी रेंगाळायचे आणि उशीर व्हायचा. आता वयाने नाक थोडं मंदावलंय. गॅलरीत कुंड्या लावल्यात, त्यांच्यात जीव रमतो. आज सकाळी पुदिन्याला नवी पानं फुटली म्हणून मला हाक मारली. गुडघे कुरकुरत होते, हातातलं काम अर्धं होतं. पण मी गेले.