धसक्याचं कार्ड

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत एक नियम आहे. शब्दाखालचं वाक्य स्वतः रचायचं नाही. कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं आणि ते कुणाचं, हे कार्डाच्या तळाशी लिहायचं. माझ्या वाट्याला 'धसका' आला. अर्थ मी हातासरशी लिहून टाकला: 'आघातानंतर मनात घर करून राहिलेली भीती. तिचं कारण आता समोर नसतं.' वाक्यासाठी ताईकडे गेलो.

वर्षापूर्वी भावोजींच्या कारखान्यात बॉयलर फुटला. इतरांना वाचवायला भावोजींनी बॉयलरच्या खोलीचं दार बाहेरून लावून घेतलं. त्यांचा जोडीदार फिटर आतच राहिला. तेव्हापासून ते घराचं दार लावू देत नाहीत. मी गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना इस्पितळात ठेवायचं ठरलं होतं.

"आलास शब्द मागायला?" ताई हसली. मग हळूच म्हणाली, "लिही. यांनी दाराचा धसका घेतलाय... आजारच आहे ना रे हा?"

"आजारच. बरे होतील गं."

भर दुपारची वेळ, पण वारा सुटला होता. कार्ड उडायला लागलं, म्हणून ते भावोजींच्या बाकावर वहीखाली ठेवलं आणि मी, शहाणा माणूस, दार लावून कडी घातली.

भावोजी जागचे हलले नाहीत. "आता तो ठोकेल," एवढंच म्हणाले.

तीन ठोके पडले. सावकाश. गुडघ्याच्या उंचीवर, पडलेल्या माणसानं ठोकावं तसे.

"शेजारची असेल कुणी..." मी म्हणालो.

"उघड," भावोजी शांतपणे म्हणाले. "त्या दिवशी मी नाही उघडलं."

कडीनं बोटाला चटका बसला. बाहेर कुणीच नव्हतं. तापलेल्या लोखंडाचा वास तेवढा आत आला. भावोजींनी बाकावर सरकून जागा केली. "बस," ते शेजारी बघून म्हणाले.

मी वही उचलली. खालचं कार्ड ओलं झालं होतं. शाई एकाच शब्दावर पसरली होती. अर्थातलं दुसरं वाक्य 'तिचं कारण आता समोर', एवढंच वाचता येत होतं.

ताईनं ते वाचलं आणि माझा हात घट्ट धरला. "यांना उद्या नेलं, तर... याला दार कोण उघडणार रे?"

भावोजींना कुठेच नेलं नाही. कार्डही मी जमा केलं नाही. तीन महिने ते माझ्या खणात आहे, आणि अजून वाळलेलं नाही.