सात संदर्भ

डॉ. मृणालिनी हेर्लेकरांचा पारा सकाळी साडेनऊलाच चढला. मिरजेच्या त्या रुग्णालयाच्या दारातल्या फलकावर त्यांच्या नावापुढे ४,३१२ हा आकडा झळकत होता. आतड्याच्या विकारांवरच्या त्यांच्या एका लेखाचा जगभरातल्या तेवढ्या लेखांनी संदर्भ दिला होता. शुक्रवारी त्या निवृत्त होणार, म्हणून कुणीतरी फलकाला झेंडूचा हार घातला होता. जिवंत माणसाच्या नावाला हार! त्यांनी तो ओढून काढला आणि तडक प्रयोगशाळेत गेल्या.

बावीस वर्षं मेणातले बायोप्सीचे तुकडे कापणारा शफी मुजावर तिथं वाट बघत होता.

"मॅडम, ह्यो तुकडा मेणात आडवा पडलाय बघा. आन् निर्णायक म्हणतंय, मोठं आतडं काढा. उद्या सकाळी ऑपरेशन हाय बाईचं."

'निर्णायक' हे निदान करणारं यंत्र येऊन पाच वर्षं झाली होती. तेव्हापासून डॉक्टर फक्त त्याच्याखाली सही करत.

हेर्लेकर सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. आतड्यातल्या ग्रंथी जुडीतल्या शेवग्याच्या शेंगांसारख्या शेजारी शेजारी उभ्या असतात. छेद तिरका गेला, तर त्यांची नुसती दाटी दिसते आणि ती दाटी कर्करोगाच्या सुरुवातीसारखी भासते. वीस वर्षांपूर्वी त्या स्वतःच या दाटीला फसल्या होत्या. तोच त्यांचा गाजलेला लेख. पुढं चूक कळल्यावर त्यांनी दुरुस्ती छापली, पण मूळ लेख काही मागे घेतला नाही. त्या आकड्यावर दोन बढत्या मिळाल्या होत्या.

शफीनं मेण वितळवून, तुकडा उभा करून, नवी काचपट्टी आधीच तयार ठेवली होती. तिच्यात ग्रंथी नीट रांगेत होत्या. सूज होती, पण कर्करोगाची चाहूल कुठंही नव्हती. यंत्राच्या अहवालाखाली मात्र लिहिलं होतं, 'आधार: हेर्लेकर.'

"माझं नाव घेऊन बाईचं आतडं कापताय!" त्या संचालक सरनोबतांच्या केबिनमध्ये शिरतानाच कडाडल्या.

"मॅडम, बसा तर खरं. निर्णायक संदर्भांच्या वजनावर चालतं. तुमच्या दुरुस्तीला संदर्भ किती?"

"सात. त्यातले दोन माझ्याच विद्यार्थ्यांचे."

"मग मी तरी काय करू?"

"काचपट्टी बघा! सूक्ष्मदर्शक खालीच आहे."

"मी हल्ली काचपट्ट्या बघत नाही," सरनोबत तंबाखू सोडल्याच्या थाटात म्हणाले.

हेर्लेकरांनी त्यांचाच संगणक आपल्याकडे ओढला आणि तो लेख मागे घेतल्याचं पत्र नियतकालिकाला धाडून दिलं. "अहो, संस्थेचं मानांकन! शुक्रवारचा सत्कार!" सरनोबत ओरडले.

"खड्ड्यात गेला सत्कार."

दुपारपर्यंत नियतकालिकानं लेख मागे घेतला आणि फलकावर त्यांच्या नावापुढे दुसऱ्याच एका लेखाचे ३८ आले. निर्णायकानं पुन्हा अहवाल दिला. निदान तेच होतं, फक्त आधाराच्या जागी आता त्यांच्या लेखावर विसंबलेले ते ४,३१२ लेख आले होते. हेर्लेकरांच्या अंगाचा तिळपापड झाला. यंत्रावर, सरनोबतांवर आणि सगळ्यांहून जास्त स्वतःवर. मूळ लेख तेव्हाच मागे घेतला असता तर?

यंत्राला ओलांडता येत नव्हता तो फक्त रुग्णाचा नकार. त्या दोन्ही काचपट्ट्या आणि शफीचा सूक्ष्मदर्शक घेऊन त्या वॉर्डात गेल्या. ती बाई, उज्ज्वला बनसोडे, जतहून आली होती. तिथं ती शिवणक्लास चालवायची. हेर्लेकरांनी तिला सगळं सांगितलं, स्वतःची चूकही, बढत्याही. उज्ज्वलानं आळीपाळीनं दोन्ही काचपट्ट्या बघितल्या.

"कापड तिरकं कापलं की वीण येगळीच दिसती, तसं का ओ?"

"अगदी तसंच. औषधं चालू ठेवू, सहा महिन्यांनी परत दुर्बीण घालून बघू. पण उद्या कापायचं कारण नाही."

"आन् तुमची चूक चार हजार जणांनी खरी धरली. दुरुस्ती किती जणांनी?"

"सात," हेर्लेकर म्हणाल्या.

उज्ज्वलानं ऑपरेशनचं संमतिपत्र पालथं घातलं, कोऱ्या बाजूवर 'ऑपरेशन नको' असं लिहिलं आणि खाली पेन टेकवलं.

"तुमच्या दुरुस्तीला आठवी सही माझी चालंल का ओ, मॅडम?"