चार निळे फासे

"अठरा! परत अठरा!" मुंगूस खुर्चीवर चढून ओरडला. "फिरकी, फाशांना लाच दिलीस की काय?"

मुंगूस, फिरकी आणि टाचणी ही तिघा मित्रांची टोपणनावं. फिरकीचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता. वाचनालयाच्या मागच्या खोलीतल्या लांब टेबलावर चार निळे फासे पडले होते. तीन फाशांवर सहा, एकावर दोन. नियम साधा होता. चार फासे टाकायचे, सगळ्यात लहान आकडा सोडून द्यायचा आणि उरलेल्या तीन आकड्यांची बेरीज करायची. असं सहा वेळा. मग ते सहा आकडे आपल्या पात्राला वाटून द्यायचे: ताकद, चपळाई, दम, बुद्धी, शहाणपण आणि छाप. हे पात्र घेऊन सुट्टीतले पाच दिवस गोष्टीच्या खेळात गुहा धुंडाळायच्या, राक्षसांना चकवायचं. खेळ उद्या साडेदहाला सुरू होणार होता.

मुंगसाचा सगळ्यात मोठा आकडा चौदा होता, टाचणीचा तेरा. दोघांनी जुने पांढरे फासे वापरले होते. फिरकीने नवे निळे उचलले, कारण ते चमकत होते. तिच्या कागदावर आता अठरा, सोळा, सतरा, पंधरा, सतरा आणि पुन्हा अठरा असे आकडे होते.

खेळ चालवणाऱ्या ग्रंथपालबाईंनी तो कागद उचलला. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"इतकी वर्षं हा खेळ घेतेय मी. असे आकडे कुणाला पडत नाहीत. फासा बोटात धरून अलगद सोडायची युक्ती असते, मला ठाऊक आहे."

"बाई, मी नुसते टाकले!"

"पुरे. उद्याच्या खेळात तू नाहीस."

भिंतीवर गुहेचा मोठा नकाशा लावलेला होता. आठवडाभर खपून तो फिरकीनेच काढला होता. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि ती बाहेर निघून गेली.

मुंगूस आणि टाचणीने तिला जिन्यावर गाठलं.

"रडतेयस?" मुंगसाने विचारलं.

"नाही. नाक गळतंय."

"एकच सांग," टाचणी म्हणाली. एखाद्या गोष्टीत शिरली की ती तिथून निघत नसे. "युक्ती केलीस?"

"नाही!"

"मग दोष हाताचा नाही, फाशांचा आहे. आणि ते फासे माझ्या काकाने केलेत. त्याच खेपेतले चार त्याने मलाही दिलेत. चला घरी."

टाचणीच्या घराखालीच काकाचा कारखाना होता. तिथे तो रेझिनची बटणं आणि फासे ओतायचा. तिघं कोपऱ्यातल्या बाकावर बसली. टाचणीने वहीत रकाने आखले. निळे चार फासे तीस वेळा, पांढरे चार फासे तीस वेळा. प्रत्येकाने दहा-दहा वेळा टाकायचे, म्हणजे कुणाच्या हाताला बोल लावायला नको.

"मला भूक लागलीय," सतराव्या वेळी मुंगूस म्हणाला.

"टाक!"

शेवटी टाचणीने बेरीज केली. "पांढऱ्यांवर एकशेवीसमध्ये सहा पडले एकोणीस वेळा. बरोबर आहे, वीसच्या आसपासच हवेत. निळ्यांवर..." तिने पुन्हा मोजलं. "एक्कावन्न!"

"आणि त्यात माझ्या हातून सगळ्यात जास्त!" मुंगूस आनंदला. "म्हणजे मीच लबाड!"

काका हात पुसत आला. सगळं ऐकून त्याचं तोंड उतरलं. "माझे फासे वाकडे? कोण म्हणतं?" त्याने कॅलिपर काढला आणि प्रत्येक फासा तिन्ही बाजूंनी मोजला. सोळा मिलिमीटर. सगळीकडे सोळाच. "बघा! केसाचा फरक नाही!"

बाहेरून फासा चोख होता. टाचणीने वहीतले आकडे पुन्हा तपासले.

फिरकी मात्र फासा कानाशी हलवून बघत होती. "काका, शिळं अंडं पाण्यात वर का येतं?"

"आत हवा धरते म्हणून."

"मग यांच्या आत काय आहे, ते पाण्यालाच विचारू या. नुसत्या पाण्यात फासा बुडेल. मीठ भरपूर घातलं तर तरंगेल!"

काकीकडून अर्धा डबा मीठ आलं. मुंगसाने ते बरणीत इतकं ढवळलं की त्याचा हात दुखायला लागला. फिरकीने एक निळा फासा पाण्यात सोडला. तो बुडाला, वर आला, गोल फिरला आणि थांबला. वर सहा होते. तिने बोटाने दाबून त्याला उलटा केला. फासा परत वळला. पुन्हा सहा! दुसऱ्याचं तेच, तिसऱ्याचं तेच. पांढरा फासा मात्र आपला कसाही तरंगत होता.

काकाने एक निळा फासा शिकंज्यात धरला आणि करवतीने मधोमध कापला. सहाच्या बाजूला, अगदी पृष्ठभागाखाली, वाटाण्याएवढी पोकळी होती.

"साच्याचं तोंड सहाच्या बाजूला असतं," तो हळूच म्हणाला. "ओतलं की हवेचे बुडबुडे वर चढतात, म्हणजे तिथेच. म्हणून साचा दाबाच्या टाकीत ठेवायचा असतो, तिथे बुडबुडे दबून विरतात. त्या दिवशी टाकीच्या झाकणाचं रबर फाटलं होतं. म्हटलं, एका खेपेने काय बिघडतंय!" त्याने मान खाली घातली. "हलकी बाजू वर राहते. आत्ता बाईंना फोन करतो."

"नको काका," फिरकी म्हणाली. "त्यांना वाटेल, पुतणीच्या मैत्रिणीला पाठीशी घालताय. त्यांना स्वतःच बघू दे."

दुसऱ्या दिवशी सव्वादहाला मुंगूस लाडीगोडी लावायला लागला. "बाई, तुम्ही सगळ्यांचा खेळ घेता. तुमचं स्वतःचं पात्र कुठाय?"

"माझं?" बाई हसल्या. "मला कुणी विचारलंच नाही कधी."

"मग बनवा ना! हे घ्या फासे." टाचणीने टेबलावरचे कालचेच चार निळे फासे पुढे केले.

बाईंनी ते टाकले. सहा, सहा, पाच, तीन. "सतरा!" पुन्हा टाकले. "अठरा! अरे वा!" तिसऱ्यांदा पुन्हा सतरा. चौथ्यांदा तीन सहा एकदम पडले आणि बाईंचं हसू मावळलं. त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. फिरकी उंबरठ्याच्या बाहेर उभी होती. तिच्यामागे बरणी आणि कापलेला फासा घेऊन काका होता.

"युक्ती केलीत का, बाई?" मुंगसाने भाबडेपणाने विचारलं.

"आगाऊ कार्ट्या!" बाई म्हणाल्या, पण आवाजात राग नव्हता. त्यांनी बरणीतला फासा तीनदा उलटा करून पाहिला, टाचणीची वही ओळ न् ओळ वाचली. मग त्या सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या.

"फिरकी, मी न तपासता तुला लबाड म्हटलं. चूक माझी आहे. आत ये."

"माझीही चूक आहे," काका म्हणाला. "सगळी खेप परत नेतो. आणि ही मिठाची बरणी यापुढे कारखान्यात राहील. कॅलिपरला जे दिसलं नाही, ते या पोरांनी शोधलं!"

"अशी चिकाटी मला मोठ्या माणसांतही दिसत नाही," बाई म्हणाल्या. "आता आकड्यांचं काय? वाद नको. आजपासून सहा आकडे सगळ्यांना सारखेच. कोणता कुठे लावायचा, ते ज्याचं त्याने ठरवायचं. ते आकडे एकीनेच पाडायचे." त्यांनी चार पांढरे फासे फिरकीच्या ओंजळीत ठेवले. "सगळ्यांसाठी तू टाक."

फिरकीने ओंजळ खळखळवली. फासे टेबलावर घरंगळले. सगळी डोकी एकदम पुढे झुकली.

एक, एक, दोन, एक.

"चार!" मुंगूस किंचाळला. "अगं, चार! माझा योद्धा आता जिना तरी चढेल का?"

"त्याला बुद्धीला लाव," टाचणी म्हणाली. "कुणाला फरक कळणार नाही."

फिरकी इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात चार लिहिले आणि फासे पुन्हा ओंजळीत घेतले.